मान्यता म्हणजे हमी नव्हे

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत मुलगा उभा असलेली घरे नागपुरात थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापुढे ‘ईबी-५’चा मार्ग मांडला जातो. २०२२ च्या सुधारणेने ग्रामीण अथवा बेकारीग्रस्त भागासाठी किमान ८ लाख डॉलर गुंतवणूक ठरवली. शिवाय १० रोजगारांची अट. अनेकांचा पैसा एकत्र करून प्रकल्प पुरस्कृत करणारी संस्था म्हणजे रीजनल सेंटर. तिला अमेरिकी शासनाची मान्यता लागते. प्रत्येक प्रकल्पाचा अर्ज स्वतंत्र. मात्र पैसा जोखमीतच असला पाहिजे, हीही कायद्याचीच अट! व्हरमाँटचे सेंटर तर प्रत्यक्ष राज्यशासन चालवीत होते. तरीही जे पीक प्रकल्पात २० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या गैरवापराचा आरोप अमेरिकी रोखे नियामकाने २०१६ मध्ये केला. सातबारा न पाहता भूखंड घेणारा नागपूरकर विरळा. मग काटोलची संत्राबाग विकण्यापूर्वी प्रकल्पाचा अर्ज आणि पैसा ज्या खात्यात जाणार त्याच्या देखरेखीचा करार मागून घ्यावा.