खिडकीजवळचे यंत्र



विमानात जीपीएस यंत्र घेऊन आम्ही खिडकीशी बसतो, कारण धातूच्या भिंतीतून उपग्रहांचे संदेश येत नाहीत. यंत्र स्वतः काही पाठवीत नाही. निदान चार उपग्रहांचे ऐकते आणि आपले ठिकाण सांगते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने लष्करासाठी घडविलेली ही विद्या सर्वांना खुली करण्याचे जाहीर केले.

आपण कोठे आहोत हे जाणणे आम्ही प्रवाशाचा हक्क मानतो. तरीही विमानातील सेविकेने ‘बंद करा’ म्हटले, की आम्ही हुज्जत घालीत नाही. तीही कामगारच; आणि साऱ्यांच्या जिवाची जोखीम तिच्या माथी असते.