तबकडीवरील नावे

अमेरिकेतील जॅझ संगीताचा इतिहास सांगताना न्यू ऑर्लीन्सची नृत्यगृहे, शिकागोचे क्लब आणि न्यूयॉर्कची नाट्यगृहे यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. या यादीत आणखी एका स्थळाची भर घालावयास हवी. ते म्हणजे ध्वनिमुद्रिकांचे दुकान. हे विधान श्रोत्यांना प्रथम काहीसे चमत्कारिक वाटेल. दुकानदाराने माल विकावा. इतिहासाशी त्याचा काय संबंध? परंतु जॅझच्या बाबतीत तो संबंध फार निकटचा होता, आणि ही दुकाने एकामागून एक बंद पडली तेव्हा केवळ एक व्यापार बसला असे नव्हे.

जॅझ हे मुख्यतः अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. उत्स्फूर्त वादन हा त्याचा प्राण. एकाच गवयाने दोन मैफलींत गाइलेला एकच राग जसा सारखा असत नाही, तसेच जॅझवादकाचेही आहे. असे संगीत कागदावरील स्वरलेखनात मावत नाही. ते टिकले ते तबकडीवर. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. पुढे १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचे वादन इंडियाना राज्यातील रिचमंड या लहानशा गावी मुद्रित झाले, आणि १९२५ पासून लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’चे शिकागोत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ती ज्या शेलॅकपासून बनत असे ती लाख बव्हंशी आपल्याच देशातून, विशेषतः छोटा नागपूरच्या रानांतून, परदेशी जात असे.

ज्या कंपन्यांनी हे संगीत मुद्रित केले त्यांना त्याचे मोल कळले होते असे मात्र नाही. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ असे नाव देऊन त्यांची निराळी क्रमांकमाला ठेवीत, आणि मागणी ओसरली की त्या सूचिपत्रातून काढून टाकीत. १९२९ नंतरच्या मंदीत तर हा व्यवसायच कोसळला. लेबलावर वाद्यवृंदाचे नाव असे. प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांची नावे बहुधा नसत. कधी तर असलेले नावही खरे नसे. आर्मस्ट्राँगचा करार ओके कंपनीशी असताना १९२६ साली त्याच्याच संचाने व्होकॅलियन कंपनीसाठी तबकडी दिली, ती ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावाने! सूर राहिला, पण सूर काढणारा कोण हे सांगावयास कागदोपत्री काही उरले नाही.

हे काम अंगावर घेतले ते संग्राहकांनी. विद्यार्थी, कारकून, वार्ताहर अशी ही साधी माणसे. जुन्या सामानाच्या दुकानांत धुळीच्या ढिगाऱ्यांतून ती तबकड्या उपशीत. काहीजण तर दक्षिणेतील वस्त्यांतून दारोदार हिंडून जुन्या तबकड्या विकत मागत. तबकडीच्या आतल्या कडेला कोरलेला साचाक्रमांक हा त्यांचा शिलालेख. त्यावरून मुद्रणाचा काळ ठरवावयाचा, आणि वादनाच्या ढंगावरून व हयात वादकांना विचारून नावे निश्चित करावयाची. अशा अनेकांच्या पत्रव्यवहारातून आलेली माहिती एकत्र करून शार्ल देलोने याने १९३६ साली पॅरिस येथे ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीवर कोणी काय वाजविले याची ती नोंदवही होती. पोथ्यांच्या पाठभेदांवर आपले संशोधक जो काथ्याकूट करतात, त्याच जातीचे हे काम.

परंतु संग्राहक एकमेकांना भेटणार कोठे? येथे दुकान येते. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गॅब्लर याच्या वडिलांचे रेडिओचे दुकान होते. मुलाने तेथे तबकड्या ठेवण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता ‘कमोडोर म्युझिक शॉप’ हे जॅझप्रेमी मंडळींचे ठाणे बनले. वादक, लेखक, विद्यार्थी तेथे तासन्‌तास उभे राहून वाद घालीत. ज्या तबकड्या कंपन्यांनी बाद ठरविल्या होत्या त्यांचे उरलेले साठे गॅब्लरने घाऊक विकत घेतले. ते संपल्यावर कंपन्यांकडील मूळ साच्यांवरून नव्या प्रती काढवून घेतल्या. १९३५ पासून ‘युनायटेड हॉट क्लब्स ऑफ अमेरिका’ या नावाने निघालेल्या या पुनर्मुद्रणांचे एक वैशिष्ट्य होते: त्यांच्या लेबलांवर वादकांची नावे छापलेली असत. कॉर्नेट कोणाचे, क्लॅरिनेट कोणाचे, पियानो कोणाचा, हे गिऱ्हाइकाला घरी बसून वाचता येऊ लागले. ज्या समाजाला त्या काळी कित्येक हॉटेलांत दारातूनच परतावे लागे, त्यातील कलावंतांना मिळालेला हा मान काही लहान नव्हता.

दुकानदार तेथेच थांबला नाही. १९३८ च्या जानेवारीत गॅब्लरने ‘कमोडोर’ या स्वतःच्या छापाची तबकडी मुद्रित केली. पुढच्या वर्षी बिली हॉलिडे या गायिकेला, कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून ठार मारण्याच्या अमानुष प्रथेविरुद्धचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत मुद्रित करावयाचे होते. तिच्या कंपनीने, म्हणजे कोलंबियाने, ते नाकारले. ते जगापुढे आले ते या दुकानाच्या छापावर. मोठी संस्था जेथे कचरली तेथे एक दुकानदार उभा राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडची परिस्थिती निराळी होती. तेथे १९३५ पासून जवळजवळ वीस वर्षे, दोन्ही देशांच्या वादकसंघांतील तंट्यापायी, अमेरिकन वाद्यवृंदांना दरवाजा बंदच होता. तबकडी हाच इंग्रज रसिकाचा गुरू. म्हणून लंडनच्या चेरिंग क्रॉस रस्त्यावर, पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत, डग डोबेल याने वडिलांच्या ग्रंथविक्रीच्या दुकानातच सुरू केलेल्या जॅझ विभागाला पुढे विद्यापीठाची कळा आली. दुकानाचा क्रमांक सत्त्याहत्तर; पुढे त्याने काढलेल्या तबकड्यांच्या छापाचे नावही तेच. शिकागोत बॉब कोएस्टर याचे ‘जॅझ रेकॉर्ड मार्ट’ आणि ‘डेलमार्क’ हा त्याचा छाप अशाच जोडीने चालले. त्याच्या हाताखाली पार्सले बांधणारा ब्रूस इग्लॉअर याने १९७१ साली ‘ॲलिगेटर’ ही स्वतःची कंपनी काढली. दुकान ही अशी कामकरी शाळा होती.

मग या शाळा बंद का पडल्या? १९४८ मध्ये दीर्घ वादनाची तबकडी आली आणि जुन्या संगीताची पुनर्मुद्रणे मोठ्या कंपन्या स्वतःच काढू लागल्या. जी वस्तू दुर्मिळ म्हणून दुकानाला महत्त्व, ती सर्वत्र मिळू लागली. मोठी दुकाने सवलतीच्या दरात विक्री करीत. लहान दुकानदाराला ते परवडेना. कमोडोर १९५८ साली बंद झाले. शहरांच्या मध्यभागातील जागांची भाडी वाढतच गेली. डोबेलला जुनी जागा सोडावी लागली, आणि १९९२ साली ते दुकानही मिटले. कॉम्पॅक्ट डिस्कने काही काळ बरकत आणली, परंतु इंटरनेटने विक्री आणि श्रवण या दोन्ही गोष्टी घरात आणल्या. शिकागोचे जॅझ रेकॉर्ड मार्ट २०१६ साली त्या जागेतून उठले. त्याच वर्षी मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाउस’नेही दारे मिटली, ते काही केवळ जॅझचे दुकान नव्हते, पण अनेकांनी जॅझची पहिली तबकडी तेथेच घेतली असेल.

यावर कोणी म्हणेल, यात हानी कोणती? पूर्वी जी तबकडी मिळविण्यास वर्षे लागत, ती आज बोट लावताच ऐकू येते. हे खरे आहे, आणि त्याचा आनंदच मानावयास हवा. शिवाय तबकडीही परतली आहे. २०२२ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या तबकड्यांची संख्या १९८७ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक भरली. परंतु यंत्रातून येणाऱ्या या अमर्याद प्रवाहात बहुधा मुख्य कलावंताचेच नाव डोळ्यांपुढे येते. साथीला कोण होते, मुद्रण कोठे आणि केव्हा झाले, हे अनेकदा शोधूनही सापडत नाही. गॅब्लरने लेबलावर जी नावे आणली ती पुन्हा मागे सरत आहेत. शिवाय दुकानदार जे करी ते यंत्र करीत नाही. गिऱ्हाइकाने मागितलेली तबकडी बाजूला ठेवून, “ही नको, ती ऐका,” असे सांगणारा माणूस चुकू शकतो. पण त्याच्याशी वाद घालता येतो, आणि त्या वादातूनच जाण येते.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजविणारे आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरलेले अनेक वादक गोव्याचे होते. त्यांतील चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचे साहाय्य सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटाला लाभले. परंतु चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर असे वादक सहसा अनामच राहिले. वादकांचे काय घेऊन बसावे, १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेऐवजी पात्राचे, कामिनीचे, नाव छापलेले होते!

अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाची जॅझ अध्ययन संस्था आज जे कागद आणि तबकड्या जतन करते, त्यांतील बराचसा ठेवा मुळात संग्राहकांनी जमविलेला आहे. आपल्याकडेही जुन्या घरांच्या माळ्यांवर तबकड्या आहेत, आणि जुन्या वादकांना ओळखणारी माणसे अजून आहेत. कोणत्या गाण्यात व्हायोलिन कोणाचे आणि सॅक्सोफोन कोणाचा, हे त्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवण्यास दुकान लागत नाही. ती माणसे आहेत तोवरच ते काम होण्यासारखे आहे.