संशोधकाची निबंधसूची आणि रुग्णाची शीर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले विज्ञानशिक्षक. म्हणून अतिदक्षता विभागात उमेद घालविलेल्या मजसारख्या डॉक्टराने एका संशोधकाच्या निबंधसूचीविषयी बोलावे, हे त्यांना रुचले असते असे वाटते. सूची हा विषय नीरस खरा. परंतु रुग्णांच्या शिरांत कोणता द्रव जावा, हे या सूचीने वर्षानुवर्षे ठरविण्यास हातभार लावला.

जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील रुग्णालयात योआखिम बोल्ट हे भूलशास्त्राचे विभागप्रमुख होते. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास प्रथम शिरेवाटे द्रव द्यावा लागतो. सलाईन रक्तवाहिन्यांतून लवकर झिरपून जाते. मक्याच्या वा बटाट्याच्या स्टार्चपासून केलेल्या द्रवातील मोठे रेणू मात्र वाहिनीत टिकतात, म्हणून थोडक्यात काम भागावे, असा सिद्धान्त होता. सिद्धान्त सुरेख. या द्रवाच्या नव्या प्रकारांपासून मूत्रपिंडास फारसे भय नाही, असा बोल्ट यांच्या निबंधांचा रोख असे, आणि निबंधांची संख्याच इतकी मोठी की ते प्रमाण मानले गेले.

२००९ च्या डिसेंबरात 'अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया' या नियतकालिकात त्यांचा हृदयशस्त्रक्रियेविषयीचा एक निबंध आला. काही वाचकांना त्यातील आकडे खटकले. रुग्णारुग्णांत जेवढा फरक निसर्गतः असावयास हवा, तेवढा त्यांत दिसेना. आपल्या प्रयोगशाळेत साऱ्या बाकांची वाचने दशांशापर्यंत जुळली की सर चष्म्यावरून पाहत. ते पाहणे ज्यांना आठवते त्यांना या शंकेचे मर्म निराळे सांगावयास नको. संपादकांनी चौकशीची मागणी केली. तो अभ्यास रीतसर झालाच नसल्याचे निष्पन्न होऊन २०१० मध्ये निबंध मागे घेण्यात आला, आणि बोल्ट यांचे पद गेले. नीतिसमितीची संमती नसल्याच्या कारणावरून २०११ मध्ये अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून आणखी ऐंशीहून अधिक निबंध बाद ठरविले. आज ही संख्या दोनशेंच्या पुढे गेली आहे.

एका माणसाची अप्रतिष्ठा हा माझा विषय नव्हे. मला अस्वस्थ करतात ते पुढील आकडे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत तीव्र जंतुसंसर्गाचे ७९८ रुग्ण होते. नव्वद दिवसांत स्टार्च मिळालेल्यांपैकी शेकडा ५१ दगावले, रिंगर अ‍ॅसिटेट मिळालेल्यांपैकी शेकडा ४३. पुढच्या वर्षी 'जामा'त सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. बोल्ट यांच्या सात चाचण्या, म्हणजे जेमतेम ५९० रुग्ण, वगळून उरलेल्या १०,२९० रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा स्टार्चमुळे मृत्यूचा व मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो हे स्पष्ट झाले. युरोपात २०१३ मध्ये अत्यवस्थ रुग्णांसाठी या द्रवावर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये त्याची विक्रीपरवानगीच स्थगित झाली. मधल्या काळात जे दगावले त्यांतील किती जण दुसऱ्या बाटलीने वाचले असते, हे कोणत्याही चौकशी समितीला सांगता येणार नाही. मृत्युपत्रकावर द्रवाचे नाव लिहीत नाहीत.

मूळ नोंदवही मागण्याची जी सरांची सवय, ती नियतकालिकांस फार उशिरा लागली. इंग्लंडमधील भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी 'अ‍ॅनेस्थेशिया' या नियतकालिकाकडे २०१७ ते २०२० या काळात आलेल्या ५२६ चाचण्या तपासल्या. जेथे केवळ सारांशाचे तक्ते हाती होते, तेथे त्यांना शेकडा २ चाचण्यांतच खोटे आकडे आढळले. ज्या १५३ चाचण्यांत प्रत्येक रुग्णाची नोंद पाहावयास मिळाली, तेथे हे प्रमाण शेकडा ४४ निघाले.