मुलाच्या हातातील वीट



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मोंढ्यात अधिक झाले. हमालांची संघटना बांधता बांधता वाचनालयातील पुस्तके वाचली, एवढीच आमची पदवी. मग मुलांच्या खेळण्यांवर बोलण्याचा आम्हाला अधिकार कोणता? अधिकार इतकाच की, सांगितले तेवढेच करण्याची सवय जडलेल्या हातांच्या सहवासात आमची तीस वर्षे गेली, आणि ही सवय कोठून लागते याचा विचार आम्ही करीत आलो.

आमचे बालपण या चुडाव्यातच गेले. सुगी झाली की कडब्याच्या गंजीतून ताटे ओढावी, साल सोलावी, आतील हलक्या गाभ्याचे तुकडे सालीच्याच टोकदार काड्यांनी जोडावे, की झाली बैलगाडी. नांदेडकडे जाणारी आगगाडी पाहिली की दुसऱ्या दिवशी त्याच बैलगाडीचे इंजिन होई. गाडी मोडल्याचे दुःख नसे; मोडल्याशिवाय इंजिन होणार कसे?

गेल्या दिवाळीत आमच्या सात वर्षांच्या नातवासाठी शहरातून एक पेटी आली. वर परदेशी चित्रपटातील अंतराळयानाचे चित्र, आत प्लास्टिकच्या लहान विटा आणि एक चित्रमय पुस्तिका. पोर दोन दिवस मान खाली घालून जोडीत होते. शेवटी एक तुकडा सापडेना. आम्ही म्हटले, "अरे, दुसरं काही लाव की." डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "आबा, पुस्तकात तसं नाही."

मंडळी, हे वाक्य आम्ही मोठ्या माणसांच्या तोंडून फार वेळा ऐकले आहे. म्हणूनच ते मनाला लागले.

या विटांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास घेतली. 'छान खेळ' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून कारखान्याचे नाव पडले लेगो. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या आजच्या विटेचे पेटंट १९५८ चे. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे गणित्यांनी मोजले आहे. सहा विटांत एवढे जग!

पुढे १९९९ साली या कारखान्याने 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या परवान्याने पेट्या काढल्या. परवाना म्हणजे काय? दुसऱ्याच्या मालकीचे नाव आणि चित्र वापरावयाचे आणि त्याबद्दल त्याला मोबदला द्यावयाचा. तो मोबदला अखेर पेटीच्या किमतीतूनच वसूल व्हावयाचा, म्हणजे तो आपल्याच खिशातून जातो. कारखान्यावर अन्याय करू नये. २००३ आणि २००४ साली त्याला जबर तोटा आला होता. अशा दिवसांत खपणाऱ्या पेट्यांचा आधार कोण सोडील? शिवाय चित्राच्या ओढीनेच कित्येक मुले विटांपर्यंत पोहोचतात. परवान्याच्या पेटीतील वीटही मोडून पुन्हा जोडता येते. दोष विटेचा नाही. पेटीवरील चित्र हेच एकमेव बरोबर उत्तर, असे मुलाने मानले की ९१ कोटींतून एकच उरते. मग ते कपाटात काचेआड जाते, आणि हात लावू नकोस म्हणून आपणच मुलाला दटावतो.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याकडचे आहे. पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, खेड्यांतील विज्ञानशिक्षणाच्या कामाला गेले. तेथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्या सामानावर जोडणीचा खेळ उभा केला. नळीचा तुकडा हा सांधा, काडी ही बाजू. चौकोन केला तर तो हलतो, कलतो. त्रिकोण मात्र हलत नाही. हे ज्या मुलाने बोटांनी जाणले, त्याला मोंढ्यातील शेडच्या कैच्या तिकोनी का, हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या खेळाला कोणाचा परवाना लागत नाही.

आता आमच्या पदरचे सांगतो. हमालांना आम्ही वर्षानुवर्षे छापील मागणीपत्रके दिली. ते अंगठे उठवीत. एकदा एका म्हाताऱ्या हमालाने विचारले, "साहेब, पाणी प्यायला सावलीची जागा पाहिजे, ते यात कुठं आहे?" ते त्यात नव्हते. आम्हीही पेटीवर चित्र छापूनच माणसांच्या हाती दिले होते. त्या दिवसापासून कागद कोरा ठेवून आधी विचारू लागलो.

म्हणून आमची मागणी लहान आहे. पेटी आणा, हरकत नाही. पण पहिली जोडणी झाली की मुलाला ती मोडू द्या, आणि सगळ्या विटा एका डब्यात मिसळू द्या. हरवलेल्या तुकड्यासाठी रडू आले तर नवी पेटी आणण्याआधी घरात शोधू द्या.

आमच्या नातवाला आम्ही कडब्याचे एक ताट सोलून दिले. त्याने बराच वेळ ते हातात फिरविले. मग गाभ्याचा तुकडा कापून यानाला लावला. तो नीट बसला नाही, वाकडाच राहिला. पण त्यानंतर त्याने पुस्तिका मिटून ठेवली.