मिरीची तेजी आणि मंदी



धान्याच्या व्यापाऱ्याला कीड, ओल आणि पुढचा हंगाम या तिन्हींचा धाक असतो. नीट वाळवलेली मिरी मात्र कोरड्या वखारीत वर्षानुवर्षे राहते, आणि या बाजारातील बहुतेक अनर्थांचे मूळ मला तरी तिच्या या टिकाऊपणातच दिसते. कारण यंदाचे पीक किती येईल याचा अदमास बांधता येतो, परंतु मागील हंगामांचा माल कोणाच्या कुलपाआड पडून आहे, याची पुरती नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

लंडनच्या मिन्सिंग लेन या मसाल्यांच्या बाजारपेठेत १९३४-३५ साली गाराबेद बिशिर्गियन या सटोडियाने जगातील सारी पांढरी मिरी मुठीत घेण्याचा जो उद्योग आरंभिला, तो याच खडकावर आपटला. पांढरी मिरी निराळ्या वेलीची नसते. पिकलेली फळे पोत्यांत भरून आठ-दहा दिवस पाण्यात ठेवतात, साल कुजली की तुडवून काढतात आणि आतले बी उन्हात वाळवतात. (त्या वासाजवळ उभे राहण्याची हौस कोणाला नसावी.) हा माल मुख्यत्वे डच अमदानीतील बांका बेटातून येई, तेव्हा मक्तेदारीला अडचण ती कसली, असा त्याचा हिशेब असावा. परंतु भाव चढताच कुलपांआडचा माल बाहेर येत राहिला. उसन्या पैशावर चाललेली ती खरेदी फेब्रुवारी १९३५ मध्ये कोसळली आणि बाजारात घबराट पसरली. पुढल्या वर्षी बिशिर्गियनला शिक्षा झाली, ती एका कंपनीच्या भागविक्रीच्या जाहीर पत्रकात मिरीचा सट्टा दडवून ठेवल्याबद्दल. साठेबाजीला कायद्याने हातही लावला नाही. न्यायाची ही नजर मोठी मौजेची!

सटोडियाला साठा चकवतो, बागायतदाराला काळ. वेल लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागते. व्हिएतनामने या शतकाच्या आरंभी निर्यातीत पहिले स्थान पटकावले, ते मध्य पठारावरील दाट लागवडीच्या आणि भरघोस खतांच्या जोरावर. २०१५ साली तेथे किलोला २ लाख डाँगपर्यंत भाव गेला, तेव्हा लोकांनी कर्जे काढून वेली लावल्या. आणि त्या धरू लागल्या तोच बाजार उतरत उतरत २०२० च्या आरंभी ४० हजारांखाली आला. पाणी साचलेल्या जमिनींत मुळे कुजत होतीच; कित्येकांनी वेलींच्या आधाराचे खांब उपटून कॉफी नि दुरियन लावले. जून २०२४ मध्ये भाव पुन्हा दीड लाखावर चढला, त्या वेळी जुना माल घरात राखून बसलेल्यांचे फावले.

आपल्या कोकणात मात्र मिरीची वेल सुपारीच्या किंवा नारळाच्या झाडावर चढवतात. घर चालते ते त्या झाडांवर, मिरी वरखर्चाला येते; म्हणून भाव पडला तरी वेल उपटावी असे बागायतदाराच्या सहसा मनात येत नाही.