वराहज्वर आणि संशोधनाचा पैसा

डुकराविषयी आपल्याकडे सभ्य मंडळी फारशी बोलत नाहीत. गाईला काव्यात जागा आहे आणि अंदाजपत्रकातही. डुकराचे नाव शिवीपुरते. परंतु आसाम, मेघालय, नागालँड या प्रदेशांत परसातली दोन-तीन डुकरे हीच कित्येक घरांची पेढी असते. मुलाची फी, आजाऱ्याचे औषध, लग्नकार्य, सारे त्यांतूनच निभते. आणि ती सांभाळतात बहुधा घरातल्या स्त्रिया. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे आढळली, त्यांपैकी २१ लाख एकट्या आसामात.

वराहज्वर हा त्यांचा जुना शत्रू. त्याची लस आपल्याकडे १९६४ पासून आहे. मात्र ती सशाच्या शरीरात विषाणू वाढवून, मग ससा मारून काढावी लागे. एका सशापासून मात्रा मिळत पन्नास. देशाची गरज वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची. हिशेब कोणीही करावा : साडेचार लाखांच्या आसपास ससे! प्रत्यक्षात उत्पादन बारा लाख मात्रांच्या पुढे फारसे जात नसे.

भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने (ही संस्था मूळची पुण्याची, १८८९ ची, हे आपल्याला क्वचितच आठवते) हा विषाणू पेशीसंवर्धनात वाढविण्याचा मार्ग धरला. पुढे देशी विषाणूपासूनच लस सिद्ध झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत ती प्रकाशात आली. जुनी मात्रा पंधरा ते पंचवीस रुपयांची, नवी दोन रुपयांच्या आत. या एका रोगाने होणारी वार्षिक हानी चारशे कोटींच्या घरात धरली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रयोगशाळेवरील खर्च महाग की स्वस्त, हे निराळे सांगावयास नको.

दुर्दैव असे, की त्याच वर्षी आसाम व अरुणाचलात आफ्रिकी वराहज्वर प्रकटला. नावात साम्य असले तरी हा विषाणू सर्वस्वी वेगळा. जुन्या लशीचा त्याच्यापुढे काडीचा उपयोग नाही. १९२१ मध्ये केनियातून त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले, म्हणजे शास्त्राला तो शंभर वर्षे ठाऊक आहे. तरी तो वश होत नाही, कारण त्याच्यापाशी दीडशेहून अधिक जनुके आहेत आणि शरीरात निर्माण होणारी प्रतिद्रव्ये त्याला पुरती निष्प्रभ करीत नाहीत. पोर्तुगालने १९६० नंतरच्या काळात घाईने जिवंत लस टोचून पाहिली. पुष्कळ जनावरांना त्यातूनच चिवट व्याधी जडली. उतावीळ संशोधनाची किंमतही अखेर पशुपालकच मोजतो.

रोग आढळला की भोवतालच्या एक किलोमीटर टापूतली डुकरे, निरोगी दिसणारीसुद्धा, मारावी लागतात. त्यांची भरपाई तिजोरीतून द्यावीच लागते, आणि ती दिली पाहिजे. पण भरपाईचा रुपया पुढच्या साथीला अडवीत नाही. मला वाटते, त्या रकमेचा ठराविक अंश दरसाल, साथ असो वा नसो, संशोधनाकडे वळवावा. आज प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. मुदत संपली की पेशी हाताळण्यात तरबेज झालेला तरुण दुसरी नोकरी पाहतो. शीतपेटीतला विषाणू तेवढा मागे राहतो.