ई-मेलच्या वहींतील पत्ता

१९७१ मध्यें रे टॉमलिन्सन यांनीं व्यक्तीचें नांव व यंत्राचें नांव यांमध्यें ‘अ‍ॅट’चें चिन्ह घातलें, तेव्हां पत्ते मोजकेच होते. आज एकेका गृहस्थाच्या वहींत ते शेंकड्यांनीं असतात. थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्यें नांवाचीं दोनतीन अक्षरें लिहितांच जुळणारे पत्ते पुढें येतात. ज्यास वारंवार पत्र जातें, तो वर बसतो. सोय मोठी खरी. परंतु धोकाहि तेथेंच आहे. एकाच नांवाच्या दोन व्यक्ति असल्या, तर घाईंत घरचें गुपित परक्याच्या हातीं पडतें, आणि गेलेलें पत्र परत येत नाहीं. म्हणून सुजाण श्रोत्यांनीं टोपणनांवाच्या रकान्यांत गांव किंवा नातें लिहावें. शोध त्यावरूनहि लागतो. आणि पाठविण्यापूर्वीं पूर्ण पत्ता एकदां वाचावा.